नाल्याकाठची ओटी

नोएडा,
नोव्हेंबर १९९७

प्रिय अक्षया,

तू ग्वाल्हेरला माहेरी गेल्यापासून घर सुनं झालंय. परीक्षित ऑफिसातून येतो, जेवतो आणि टीव्हीसमोर बसतो. नवऱ्याशी फोनवरही तू 'अच्छा, अच्छा' एवढंच बोलतेस म्हणे, म्हणून हे पत्र. नाल्याची ओटी भरली म्हणून बाळ गेलं, हे तू मनाशी घट्ट धरलंयस. ते सुटल्याशिवाय तू परत येणार नाहीस, एवढं सासऱ्यालाही कळतं.

नव्या गावी बिऱ्हाड मांडलं की तिथल्या नदीची ओटी भरायची, ही आपल्या घरची रीत. कौशल्याचे गुडघे धरलेले, म्हणून सासूच्या वतीने तूच निघालीस, सातवा महिना असताना. बिल्डरच्या रंगीत कागदावर सोसायटीमागे निळी रेघ होती, तीच यमुना असं तू धरून चाललीस. खण-नारळ सोडून आलीस ती केवढी खूश! वास येतो बाबा, पण पात्र बिल्कुल रुंद आहे, म्हणालीस. परीक्षित पोट धरून हसला. कौशल्या हसली नाही.

माझी सारी नोकरी पूर मोजण्यात गेली. नदी म्हणजे नुसती वाहती धार नव्हे, पोरी. तिचं पात्र आलं, काठ आले, पावसाळ्यात बुडणारी खादरची जमीन आली, वरची कोरडी बांगर आली. खादरमध्ये ती कूस बदलते, धार सरकते आणि जुना फाटा मागे राहतो. आपला नाला तसाच फाटा आहे. मी दिल्लीला आलो तेव्हा पावसाळ्यात त्यात नाव चालायची, काठाने खरबुजांच्या वाड्या होत्या. मग सेक्टर आले, भराव पडला आणि आपल्या सगळ्यांच्या संडासांचं पाणी त्यात सोडलं. तू नदीचीच ओटी भरलीस. बघवत नाही तिच्याकडे, हे खरं.

दवाखान्यातून आल्यावर कौशल्या तुला म्हणाली, नाल्याला दिलंस, नाला काय देणार! फार वाईट बोलली. मला तिचा राग आला, अजून आहे.

आता लिहितो ते परीक्षितलाही ठाऊक नाही. त्याच्याआधी आम्हाला एक मुलगी झाली होती. तेव्हा मी होशंगाबादला होतो. नर्मदेचं पाणी असं, की तळाचे गोटे दिसायचे. कौशल्याने घाटावर बसून तिची ओटी भरली, हिरवा खण, नारळ, सगळं यथासांग. मुलगी बारशाआधीच गेली. त्या नदीत काही कमी नव्हतं, अक्षया, आणि कौशल्याचंही काही चुकलं नव्हतं. पण इतकी वर्षं ती आपलं काय चुकलं ते शोधते आहे. तुझं काही चुकलेलं सापडलं, तशी ती त्यावर तुटून पडली. तू तिच्यासारखी शोधत बसू नकोस. घरी ये.

तुझाच,
बाबा