श्वास सोडा, काका

बाबा,

आज हृदयाच्या तपासणीला आलात तेव्हा मास्कमागे मीच आहे हे तुम्ही ओळखलंत, तरी ‘ताई’ म्हणालात. मग मीही इरेला पेटले: “काका, श्वास रोखून धरा.”

सोनोग्राफीचं मशीन पडद्यावर तुमच्या हृदयाच्या भिंतीतल्या पांढऱ्या ठिपक्यांचा माग काढत होतं. पंपिंग ठीक होतं, पण ठिपके हवे तेवढे सरकत नव्हते. कॅन्सरच्या औषधाने तुमचं हृदय थकू लागलंय. ते बघताना ‘सोडा’ म्हणायचं राहूनच गेलं. तुम्ही लालबुंद झालात, पण श्वास सोडला नाहीत. मी तुमच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून माझा एक शब्द तुम्ही ऐकला नव्हता.

घाबरू नका, औषध बदलता येईल. हे पत्र टाकत नाही, संध्याकाळी स्वतःच येतेय. दारात मला ‘काका’ म्हणायला लावू नका.

तुमच्याइतकीच हट्टी,
तुमची लेक