देवाला ऐकवताय की आम्हाला?

श्कोदर (अल्बेनिया), रविवार

प्रिय प्रेन्दा,

सुखी असशील. आपल्या लेकीकडे माझं खाणंपिणं व्यवस्थित आहे, खोकलाही उतरलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

एक फजिती सांगतो, हसू नकोस. बाप्तिस्म्याच्या वर्गात आज ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणायची माझी पाळी होती. मी हात पसरून, शाळेतल्या कवितेसारखी ती सुरात म्हटली आणि शेवटी सभेला वाकून नमस्कारही केला! पोरं खिदळली. शेजारची म्हातारी म्हणाली, "ल्युलाशभाऊ, देवाला ऐकवताय की आम्हाला?"

शरमेनं मान वर होईना. खाली बसून नुसतं "बापा" पुटपुटलो. पुढचं काही आठवेना; पण तेवढ्यानंच मन निवलं.

सरकारनं देवाधर्मावर बंदी घातली होती, त्या काळात तू पांघरुणात हीच प्रार्थना पुटपुटायचीस. मला वाटायचं, भीतीनं हळू बोलतेस; आज कळलं, ती फक्त त्यालाच ऐकवायची होती.

माझ्या बाप्तिस्म्याला येशील ना?

तुझाच,
ल्युलाश