अनधिकृत सामान

प्रिय आई,

हे पत्र शिंपीणकाकूंच्या दुकानात बसूनच वाच, घरी नेऊ नकोस. घरी आलेला प्रत्येक कागद आधी बाबा फोडतात, आणि यातलं एक अक्षरही त्यांच्यासाठी नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाकडून मोत्यासारखं अक्षर कुठून येणार? तू म्हणायचीस तशी पायाला भिंगरी अजून आहेच. पण ही नोकरी टिकली आहे, हे आधी सांगतो, म्हणजे तुझा अर्धा घोर जाईल.

आमचा कारखाना म्हणजे धुलाईचा. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. सुरुवातीला मला निवडायला बसवलं होतं. म्हणजे मळक्या चादरी डागांप्रमाणे वेगळ्या करायच्या. रक्त एकीकडे, ओकारी एकीकडे, बाकीचं तुला सांगत नाही. माणसं झोपून उठतात आणि मागे काय काय ठेवून जातात, देवा! पहिले काही दिवस डबा न उघडताच परत न्यायचो. मग एकदा घडीच्या टेबलावर माणूस कमी पडला म्हणून मला तिकडे ढकललं. माझी घडी बघून मुकादम थांबलाच. कोपऱ्यावर कोपरा, कड सुरीसारखी. म्हणाला, "काय रे, मिलिटरीत होतास काय?" मी म्हटलं, "मी नव्हतो, मिलिटरी आमच्या घरात होती." सगळे खो खो हसले. चादरीचं दुसरं टोक धरणारा टकल्या तर अजून मला सुभेदार म्हणतो. मीही हसलो, पण मला माझ्याच हातांची शिसारी आली. हे हात कोणी आणि कसे शिकवले, ते तुला माहीत आहे.

बाबांनी त्यांचं पुस्तक पाठवलं. पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'चिरंजीवास. वाच आणि माणूस हो.' मी जेवणाच्या सुट्टीत धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसून थोडं थोडं वाचलं. एकेका पानाला वेळ लागतो मला, पण सोडलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, अर्ध्या पुस्तकापर्यंत मी रडलो. आजोबा हमाली करायचे, ओझ्याचा दोर घरी आणायचे आणि त्यानेच पोराला फोडून काढायचे, हे आपल्याला कधी सांगितलं होतं त्यांनी? लहानशी चूक झाली की थंडीत दाराबाहेर. मग तो पोर बेकरीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून झोपायचा, कारण भट्टीमुळे ती भिंत पहाटेपर्यंत कोमट असायची. आजी दाराच्या आत उभी असायची, पण तिने कडी काढली नाही कधी. पुढे वय वाढवून सांगून फौजेत गेले आणि तिथे जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवले. बर्फातली चौकी, गळून पडलेली पायाची बोटं, वायरलेसवाल्या दोस्ताला पाठीवर घेऊन उतरलेला कडा. यात खोटं काहीच नाही. तो बोटं नसलेला पाय आपण रोज बघितला आहे. मी टकल्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "सुभेदार, तुझा बाप वाघ आहे रे वाघ." तेव्हा मलाही तसंच वाटलं. अभिमानच वाटला म्हण.

मग शेवटचं प्रकरण आलं. आपलं घर.

त्यात लिहिलंय, 'मी घर प्रेमाने आणि शिस्तीने चालवले. रविवारच्या तपासणीची मुले आतुरतेने वाट पाहत.' आतुरतेने! मी शनिवारी अंथरूण ओलं करायचो, आई. दहा वर्षांचा घोडा झालो तरी. ती चादर तू पहाटे गुपचूप धुवायचीस आणि इस्त्री फिरवून वाळवायचीस, आणि मग आम्ही आपापलं सामान खाटेवर मांडून ताठ उभे राहायचो. कंगवा, रुमाल, दप्तर, मोजे. जे त्यांच्या यादीत नसेल ते 'अनधिकृत सामान'. माझा भोवरा अनधिकृत, ताईची रिबीन अनधिकृत. सापडलं की ते हातात धरून दाराबाहेर उभं राहायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं.

पण पोरांचं सोड. पोरांना शिस्त सगळेच लावतात, असं कोणीही म्हणेल. त्यांनी एकदा रविवार नसतानाही तुझी ट्रंक उघडायला लावली होती, ते मी विसरलो नाही. मावशीने दिलेले लाल सँडल तू तळाशी जुन्या परकरात गुंडाळून ठेवले होते. एकदाही घातले नव्हतेस. ते त्यांनी दोन बोटांनी असे उचलले, जसा मेलेला उंदीर उचलतात. आणि भर दुपारी तू ते हातात धरून दाराबाहेर उभी होतीस. शाळेतून येणारी माझ्या वर्गातली पोरं बघत होती. मी मान फिरवून आत गेलो आणि पाणी प्यायलो. काय करणार होतो मी? पुस्तकात याबद्दल एकच ओळ आहे, 'माझी पत्नी साधी, तिला कधीच नटण्यामुरडण्याची हौस नव्हती.' ही ओळ वाचली आणि पुस्तक मी डागांच्या चादरींत फेकलं. मग परत उचललं. टकल्याने विचारलं, "काय झालं रे, वाघ मेला का?"

खोटं लिहिलं याचं मला एवढं काही नाही. सगळेच आपली आरती आपणच ओवाळतात. मला खुपतं ते वेगळंच. आजोबांनी बाहेर काढलं की दाराबाहेर कसं उभं राहायचं, यावर बाबांनी आधीच्या प्रकरणात दोन पानं लिहिली आहेत. वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं घ्यायचं. जमिनीकडे असं बघायचं, की लोकांना वाटावं आपलं काही पडलंय आणि आपण शोधतोय. आतून भांड्यांचा आवाज आला की कसं वाटतं, आपल्याशिवाय सगळं चालूच आहे असं. आई, इतकं तंतोतंत मलाही सांगता आलं नसतं, आणि मी तिथे कितीदा उभा राहिलो आहे. म्हणजे त्यांना सगळं आठवतं. एकूण एक आठवतं. विसरले असते तर मी माफ केलं असतं.

पुस्तकाच्या प्रकाशनाला मंत्र्यासंत्र्यांसारखं स्टेज आहे म्हणे. बाबांनी मला फोनवर सांगितलं, "आईला दोन वाक्यं लिहून दिली आहेत, पाठ करतेय, अडखळते. तू सुट्टी काढ, पुढच्या रांगेत बस." त्यांच्या शेजारी खुर्चीत बसून 'यांनी मला काही कमी पडू दिलं नाही' असं तू माईकमधून म्हणणार. मी हो म्हटलं. ते विचारतात तेव्हा तोंडातून हो कसं निघतं, देव जाणे.

पण नंतर शिंपीणकाकूंचा फोन आला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. पुस्तकांचे गठ्ठे घरी आले त्या दिवशी तू पाण्याचा तांब्या वरच्या पुस्तकावर ठेवलास, आणि कव्हरवरच्या त्यांच्या फोटोवर ओलं वर्तुळ उमटलं. ते पुस्तक हातात धरून तू दाराबाहेर उभी होतीस. या वयात, सुजलेल्या गुडघ्यांनी. काकू म्हणाल्या, "वहिनी जमिनीकडे बघत होत्या रे, मला वाटलं सुई पडली की काय." म्हणून हे पत्र, आई. समारंभाच्या दिवशी बाबा व्यवस्था बघायला सकाळीच हॉलवर जातील, तुला न्यायला मागाहून रिक्षा येईल. त्याआधी आमच्या कारखान्याची गाडी काकूंच्या दुकानासमोर उभी असेल. मी असेन, चालवणारा टकल्या आहे, आणि पुढे त्याची बायको बसलेली असेल, म्हणजे तुला परकं वाटणार नाही. मी खोली घेतली आहे. लहान आहे, ऊन येतं, आणि शेजारीण बडबडी आहे. बाबांना चिठ्ठी ठेवू नकोस, त्यांना जे सांगायचं ते मी हॉलवर फोन करून सांगेन, आणि या वेळी हो म्हणणार नाही. दुपारपर्यंत थांबेन. तू काय घेऊन आलीस ते मी बघणार नाही, आणि नाही आलीस तर का ते विचारणार नाही. पण ये.

तुझाच,
भिंगऱ्या