इंजिन बदलू की गाडी?

३ मार्च, मंगळवार

शी! दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालायचं आणि संध्याकाळी मेहुण्याचं तोंड बघायचं. यालाच नशीब म्हणतात.

आला तो नवी गाडी घेऊन. माझ्याच गाडीचं वरचं मॉडेल! सहा सिलिंडर, रंग कसला तर भिजलेल्या राखेचा. मुद्दाम माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. ‘‘भाऊजी, चला, एक चक्कर मारू.’’ मी म्हटलं, कंबर दुखतेय. कंबर ठणठणीत आहे.

पण ही! ही टुणकन जाऊन बसली! परत आली ती गालातल्या गालात हसत. ‘‘छान वाटलं हो. मला तर डुलकीच लागली.’’

डुलकी! स्पोर्ट्स कारमध्ये! आणि मेहुणा ती चालवतो कशी? मुंगीच्या पावलांनी. सायकलवाले पुढे जातात. एवढं जनावर दावणीला बांधून ठेवायचं तर घेतलंत कशाला?

माझ्या गाडीत मात्र ही हल्ली बसत नाही. कुठे जायचं म्हटलं की ठरलेलं वाक्य: ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी येते बसने.’’ आता कळलं. गाडी जुनी झाली ना आमची!

५ मार्च, गुरुवार

ठरवलं. एक तर गाडीला जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं, नाहीतर ती देऊन मेहुण्यापेक्षाही वरचं मॉडेल घ्यायचं. शेजारची सीट रिकामी घेऊन हिंडायचा वीट आलाय.

(‘ही’ लिहिलं की बायको, ‘ती’ लिहिलं की गाडी. वहीत तरी घोळ नको.)

७ मार्च, शनिवार

मिस्त्रीकडे गेलो. गॅरेज कसलं, तेलाचं डबकं! बूट फेकून द्यावे लागणार. मिस्त्री हसला. दातांवर हा एवढा थर! शिवाय बढाई! शहरातलं प्रत्येक इंजिन म्हणे यानेच जन्माला घातलंय.

बॉनेट उघडून तासभर नुसता ‘‘वा, वा’’ करत होता. मग म्हणाला, ‘‘डॉक्टर, बॉडी लोखंडासारखी आहे. टर्बो टाकू, पिस्टन बदलू, ब्रेक मोठे बसवू. मॉडेल कशाला बदलता? मुळं शाबूत असताना कोणी कवळी लावतं का?’’

माझ्या धंद्यातले विनोद दुसऱ्याने केले की मला किळस येते. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच आली.

८ मार्च, रविवार

आज आक्रीत झालं. हिला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हटलं, आज मी सोडणार, बस वगैरे काही नाही. बसली. पट्टा लावला, पर्स पोटाशी धरली, नजर समोर. बसल्यापासून तोंडाला कुलूप! पूर्वी निदान ‘‘हळू हो, हळू हो’’ असा जप असायचा. तोही बंद. मला वाटलं, चला, सवय झाली एकदाची.

पुलावर मोकळा रस्ता मिळाला. दोन ट्रकांच्या मधून गाडी अशी काढली, अशी काढली— लोण्यातून सुरी! तिसऱ्या गिअरला जरा धापली, पण काढली. मी हिच्याकडे बघितलं. वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

पुढच्या सिग्नलला दार उघडून उतरली!

‘‘अगं, कुठे?’’

‘‘चालत जाते मी.’’

मागे हॉर्नचा कल्ला. शेजारच्या रिक्षातली पोरंसुद्धा खिदळली. सिग्नल हिरवा झाला आणि मला जावं लागलं. आरशात ही दिसत होती, पर्स तशीच पोटाशी धरून, फुटपाथवर उभी.

संताप झाला. घरी येऊन कोणावर काढावा ते सुचेना, म्हणून पडद्याच्या दांडीवर काढला. तिसऱ्या गिअरला धापणारी गाडी, कोण बसणार तिच्यात! आणि खरं लिहायचं तर नुसता संताप नव्हता. वाईट वाटलं. गाडी घेतली ती दोनच सीटची, मुद्दाम. तिसरं कोणी नको म्हणून.

१४ मार्च, शनिवार

शोरूम. बाप रे! अत्तराच्या हौदात बुडवून काढलेला विक्रेता. दात सगळे खोटे, एका मापाचे, बाथरूमच्या फरशीसारखे पांढरे. ‘‘सर, जुन्या गाडीत नवं इंजिन म्हणजे पैसा पाण्यात. सर, आयुष्यात वरच जायचं असतं, सर.’’ प्रत्येक वाक्याला दोन्हीकडून सर. मी रुमाल नाकाला लावला.

मग त्यांचा किंमत ठरवणारा आला. टॉर्च घेऊन गाडीत असा शिरला, जसा मी दाढेत शिरतो. टायर बघितले, रंग बघितला. शेवटी शेजारच्या सीटपाशी वाकला तो उठेचना.

‘‘साहेब, इथे कुत्रं बसतं का?’’

‘‘कुत्रं?’’

‘‘मॅटला भोक पडलंय. खालचा पत्रा दिसतोय.’’

बघितलं. खरंच भोक! मॅटच्या उजव्या अंगाला, वर, जिथे जमीन चढते तिथे. चांगलं तळव्याएवढं. कंपनीची मूळ मॅट, नाव विणलेली, आता कुठे मिळतही नाही. मी ती माझ्या बाजूची दर रविवारी ब्रशने झाडतो. शेजारी कधी वाकलोच नाही. किंमत सांगितली ती ऐकून तिथेच चावी खिशात घातली आणि निघालो. मागून ‘‘सर, सर, सर...’’

संध्याकाळी

हिला विचारलं. ‘‘पाय घासत बसतेस का गाडीत?’’

‘‘असेन.’’

‘‘एका जागी ठेवता येत नाही?’’

‘‘नाही येत.’’

‘‘अगं पण भोक पडेपर्यंत? सांगता येत नव्हतं?’’

त्यावर ही भाजी चिरायची थांबली. म्हणाली, ‘‘सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.’’ आणि परत चिरायला लागली.

दंतवैद्याच्या बायकोने हे म्हणावं! आणि मॅटबद्दल चकार शब्द कधी बोलली नाहीये. उगाच आपलं काहीतरी.

१९ मार्च, गुरुवार

एक बाई आल्या. कुठल्याशा मोठ्या ऑफिसच्या साहेब. दाढा पार सपाट. मी म्हटलं, झोपेत दात खाता तुम्ही. ‘‘मी? छे! मला कसलंच टेन्शन नाही, डॉक्टर.’’ आरसा हातात दिला, एकेक दाढ दाखवली. म्हटलं, बाई, तोंड खोटं बोलतं, झीज खोटं बोलत नाही. दिवसा गिळलेलं रात्री असं बाहेर पडतं. रडायलाच लागल्या. मग रुमाल द्या, पाणी द्या. पुढचे पेशंट खोळंबले.

लोकांना स्वतःच्या घरातलं कळत नाही, ते मी सांगायचं. वैताग आहे नुसता.

२१ मार्च, शनिवार

इंजिन! मॉडेल नाही. गाडी मिस्त्रीकडे सोडली. मेहुण्याची नक्कल कशाला करायची? आणि तो फरशीदात्या परत बघायला नको. नव्या इंजिनाने ती अशी मऊ पळेल की ही स्वतःहून म्हणेल, चला, चक्कर मारू. मग लागू दे डुलकी.

२९ मार्च, रविवार

गाडी नाही, म्हणून हिच्याबरोबर बसने गेलो. शेजाऱ्याचा घाम, मागच्याची शिंक थेट मानेवर, दांड्याला काय चिकटलं होतं देव जाणे. अंगभर शिसारी.

ही मात्र सगळा रस्ताभर बोलत होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकान विकलं, बागेत पांढरी मांजर व्यायली, लेकीला ऑफिसात नवी खुर्ची मिळाली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाय पुढे पसरून आरामात बसली होती.

४ एप्रिल, शनिवार

मिस्त्रीचा फोन. ‘‘पुढच्या शनिवारी या डॉक्टर. राक्षस तयार होतोय!’’ हिला सांगितलं. ‘‘बरं,’’ म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढा खटाटोप कोणासाठी चाललाय!

११ एप्रिल, शनिवार

पहिली फेरी मिस्त्रीनेच मारायची, असा त्याचा हट्ट. मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांत त्या सीटवर पहिल्यांदाच. पुलावर त्याने दोन ट्रकांच्या मधून गाडी काढली, अगदी माझ्यासारखी. माझा उजवा पाय आपसूक खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. मॅटचं भोक होतं. तळवा त्यात बरोब्बर बसला.

गाडी गॅरेजमध्येच ठेवून बसने घरी आलो. ही दारातच होती.

‘‘कशी झाली गाडी?’’

‘‘भीती वाटली.’’

‘‘तुम्हाला?’’ ही माझ्याकडे बघत राहिली. ‘‘कुठे बसला होतात?’’

म्हटलं, ‘‘तुझ्या जागी.’’