सतरा नंबरचा बिल्ला

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
पोचलो. बस लागली नाही. लागली, पण इतक्या वळणांच्या मानानं कमीच.

गाव लहानसं. एकच रस्ता, दुतर्फा सायकलींची आणि बुटांची दुकानं. रस्ता संपतो तिथं डोंगर सुरू होतो. सातवीच्या पुस्तकातल्या कवितेत होता, हुबेहूब तसा. सायकलनं खिंडीत जायचं आणि तिथं उभं राहून ती कविता खणखणीत म्हणायची, हा संकल्पही सातवीतलाच. थोडा लांबला.

लॉजवर दोन कॉटची खोली घेतली. मालकीणबाईंनी विचारलं, दुसरं कोण? म्हटलं, चिरंजीव. शनिवारी येताहेत. फोनवर म्हणाला, बघतो बाबा. त्याचं लहानपणापासून असंच. बघतो म्हणजे येतो.

शनिवारपर्यंत पाय तयार करायचे. चढावर पोराला माझ्यासाठी थांबावं लागता कामा नये.

७ ऑक्टोबर
पहाटे उठलो. बाहेर धुकं. धुक्याचा मान राखून पुन्हा झोपलो.

उन्हं आल्यावर सायकलवाल्याकडे. दोन सायकली ठरवल्या. एकेकीला इतके गिअर की मोजता मोजता दम लागावा. आमच्या सायकलीला एकच गिअर होता, तो म्हणजे आम्ही. सायकलवाला म्हणाला, आजोबा, बॅटरीवाली देऊ का, चढाला आपोआप ढकलते. म्हटलं, अरे, मी रोज शाळेत सायकलनं जायचो! तर म्हणे, शाळा चढावर होती का? आगाऊ आहे. पण हवा चोख भरतो.

बुडाला गादी शिवलेली ती खास चड्डीही घेतली. खोलीवर घालून पाहिली. आमची ही असती तर हसता हसता कॉटवर बसली असती. आरशाचं तोंड भिंतीकडे केलं.

८ ऑक्टोबर
आज पायी. फक्त अंदाज घ्यायला.

डोंगराच्या पायथ्याशी चौकी आहे. वर जाणाऱ्यानं तिथल्या फळीवरून नंबरचा पत्र्याचा बिल्ला काढून न्यायचा, खाली आलं की आपल्या खिळ्याला परत अडकवायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला की आधी घरी फोन, मग माणसं शिट्ट्या आणि बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतात. उत्तम पद्धत. आपण परत आलो की नाही, हे कुणीतरी रोज पाहतं.

चौकीवरच्या बाई सतत विणत असतात. मला सतरा नंबर मिळाला. घरचा फोन विचारला. चिरंजीवांचा दिला. दुसरा कुणाचा देणार?

पहिल्या वळणावर बाक आहे. तिथवर गेलो. खिंड तिथून स्पष्ट दिसते, म्हणजे अर्धं काम झाल्यासारखंच. बसून कविता म्हटली. तीन कडवी झकास. चौथ्याला अडलो. पूर्वी अडायचो नाही. अडायचो, पण तेव्हा हा पुढे सायकलच्या दांडीवर बसलेला असायचा. मी थांबलो की मान वळवून म्हणायचा, बाबा, पुढे! आणि मग स्वतःच म्हणून टाकायचा.

खिंडीत म्हणेल.

९ ऑक्टोबर
सायकल घेऊन निघालो. घेऊनच. हातात धरून चढवली. यात चालवण्याइतकाच व्यायाम होतो, शिवाय आजूबाजूला बघता येतं. पुढून तरुण पोरं सरसर खाली येत होती. एकानं ओरडून विचारलं, काका, पंक्चर का? म्हटलं, हो.

बाकावरून चिरंजीवांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, वरचं दृश्य अपूर्व. 'वरचं' म्हणजे बाकावरचं, हे लिहायचं राहिलं.

दुपारी त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा. पण ताठ, ठाम. तयारी चालू दिसते.

१० ऑक्टोबर
गुडघा कुरकुरतोय. विश्रांती हाही तयारीचाच भाग.

त्याच्यासाठी हेल्मेट निवडायला गेलो. सायकलवाल्यानं डोक्याचं माप विचारलं. हातानं दाखवलं. म्हणाला, आजोबा, हे तर शाळकरी पोराचं माप झालं. हात जरा मोठे करून दाखवले.

दुसऱ्या कॉटवर चादर घातली. खिडकीकडची कॉट त्याला. त्याच्या सायकलची घंटा वाजवून पाहिली. सुरेख वाजते. दोनतीनदा पाहिली.

११ ऑक्टोबर, शनिवार
सकाळच्या बसला उभा होतो. दोन मुली उतरल्या, आणि बटाट्याची पोती.

दुपारच्या बसला पोतीही नव्हती.

संध्याकाळी मेसेज. बाबा, या खेपेला जमत नाहीये. सांभाळून राहा. फार चढू नका.

जमत नाही म्हणाला. येणार नाही असं म्हणाला नाही. शब्द नीट वाचावे लागतात. उभा जन्म वाचण्यात गेला, तेवढं कळतं.

सायकलवाला म्हणाला, आजोबा, दुसरी परत देता का, गिऱ्हाईक आहे. म्हटलं, राहू दे. मालकीणबाई म्हणाल्या, ती चादर काढू? म्हटलं, राहू दे.

१२ ऑक्टोबर, दुपार
बिल्ला घेऊन बाकापर्यंत गेलो. उतरताना झाडीतून लॉजच्या मागे निघणारी पायवाट धरली. गुडघ्याला तीच सोयीची. त्यामुळे चौकी वाटेत लागली नाही आणि बिल्ला खिशातच राहिला. मुद्दाम नाही. आत्ता नेऊन दिला असता, पण गुडघा.

संध्याकाळ
नियमाप्रमाणे आता खिळा रिकामा दिसेल. मग घरी फोन जाईल. तिकडून रात्रीची बस आहे, सकाळी इथं पोचते. मी फक्त वेळापत्रक लिहून ठेवतोय.

दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. माणूस सापडतो तेव्हा जरा बरा दिसावा.

शिट्ट्या ऐकू याव्यात म्हणून खिडकी उघडी ठेवली. थंडी फार.

मालकीणबाईंनी सूप घ्यायला हाक मारली. हरवलेल्या माणसानं ओ देणं बरं नाही, म्हणून गप्प राहिलो. त्यांनी परत हाक मारली, गार होतंय हो! गेलो. दोनदा घेतलं.

शिट्ट्या नाहीत. वारा उलटा असणार.

१३ ऑक्टोबर
सकाळच्या बसला गेलो होतो. पाय मोकळे करायला. कुणी उतरलं नाही.

मग चौकीवर. बिल्ला पुढे केला आणि म्हटलं, काल फार धावपळ झाली असेल ना तुमची? बाई विणताविणताच म्हणाल्या, कसली धावपळ आजोबा! तुमच्या मुलाला फोन लावला, त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. म्हणाले, पहिल्या बाकावर बघा, चौथ्या कडव्याला अडून बसले असतील. नाही तर खोलीत असतील, बिल्ला खिशात घालून. बाक रिकामा होता, मग लॉजवर विचारलं. कळलं, तुम्ही दुसऱ्यांदा सूप घेताय.

चौथं कडवं! आठवतंय त्याला. इतक्या लांबून, बसल्या जागेवरून, नेमकं मी कुठं अडलोय ते सांगितलं! असा मुलगा कितीजणांना असतो?

विचारलं, ते कडवं म्हणून दाखवलं का त्यानं? बाई म्हणाल्या, छे, घाईत होते. मी विचारलं होतं, लॉजवर जोडून देऊ का, बोलता का बाबांशी. म्हणाले, नको, त्यांना जेवू द्या.

बरोबरच आहे. सूप गार झालं असतं.

बाईंनी टाके मोजले आणि विचारलं, आज खिंडीत ना? म्हटलं, आज अंदाज घेतो. सतरा नंबर त्यांनी न विचारता हातात दिला.

दोन्ही सायकली परत केल्या. सायकलवाल्यानं नुसती हवा तपासून घेतली. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या दुसरीची घंटा जाताजाता एकदा वाजवली.

बाकावर गेलो. तीन कडवी म्हटली. मग थांबलो. दांडीवरच्या माणसाला मान वळवायला लागतो तेवढा वेळ. मग आणखी थोडा.

ऊन होतं. वारा नव्हता. कुणी म्हणालं असतं, तर ऐकू आलं असतं.

उतरताना चौकीवरूनच आलो. बिल्ला आठवणीनं अडकवला.