तंबाखूची डबी

३ एप्रिल १९६४, शुक्रवार

जुम्म्याची सुट्टी, आणि मी साहेबांच्या व्हरांड्यात किडे बनवत बसलो. किडे!

लॉरीमर साहेब आमचे मॅनेजर, मी त्यांचा टायपिस्ट. मे महिन्यात ते रजेवर विलायतेला जाणार, तिथल्या थंड नदीत ट्राउट नावाचा मासा धरणार. त्या नदीच्या तळाला दगडांखाली स्टोनफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू असतं. त्याला म्हणतात निम्फ. माशाला ते आवडतं, म्हणून हुकावर दोरा, पीस, लोकर गुंडाळून त्याचं सोंग करायचं. साहेबांचे हात आता थरथरतात. माझे नाही — मिरकरवाड्याच्या दालदी कोळ्याचं पोर मी, बापाबरोबर जाळी विणत वाढलो. साहेबांचं फाटलेलं बॅडमिंटनचं नेट एकदा सांधून दिलं, तेच नडलं.

बारा निम्फ हवेत. बदल्यात बायकोला, शहनाझला, इथे आखातात आणायच्या कागदावर साहेबांची सही. लग्नाला चार वर्षं झाली. त्यात आम्ही एका छपराखाली होतो एकसष्ट दिवस.

५ एप्रिल

पहिले तीन साहेबांनी ब्लेडने कापले. माझ्यासमोर. "टू मेनी लेग्ज, यूनुस." पाय सहाच हवेत, शेपट्या दोनच. मासा काय पाय मोजून खातो? बापानं जन्मभर बांगडे धरले, एकाही बांगड्यानं हिशेब विचारला नाही.

९ एप्रिल

आजचा बादलीत टाकला तर तरंगला. निम्फनं तळाशी गडगडत जायला हवं म्हणे. म्हणजे आधी हुकाला शिशाची तार, मग लोकर. लोकर साहेबांच्या जुन्या तंबाखूच्या डबीत असते — पिवळट, निसरडी. बोटं जिभेला लावून ओली केल्याशिवाय दोऱ्यावर पिळली जातच नाही. दिवसभर तोंडात केस.

कागदाचं विचारलं. "फर्स्ट द फ्लाइज."

मी काय कुत्रा आहे, हाडूक दाखवून नाचवायला?

१४ एप्रिल

सात पास झाले. संध्याकाळी एक दोरीला बांधून देरा भागातल्या धक्क्यावरून खाडीत सोडला. तळाला टेकला, जरा ओढला — पिटुकल्या माशानं लगेच धरला! खोटं कशाला लिहू, मजा आली. साहेबांना सांगितलं नाही. त्यांना कशाला खूश करायचं?

१८ एप्रिल

आधी दहा चुळा भरल्या, मग लिहायला बसलो.

साहेबांनी हुक आणायला त्यांच्या खणाकडे पाठवलं. तिथे लंडनच्या दुकानाची कागदी पुडी सापडली. आत तीच पिवळट लोकर, वर छापलंय — डुकराची लोकर. पंधरा दिवस मी ती जिभेनं ओली करतोय. त्याच तोंडानं नमाज पढलो. त्याच तोंडानं!

साहेबांचा कुक गनी, श्रीवर्धनचा, त्याला गाठलं. म्हणतो, "अरे यूनुसभाई, ती डबी तर मैं चिमटे से उठाता हूँ. मला वाटलं तुला माहितीय." याला वाटलं! आपलाच माणूस, आणि एक शब्द नाही.

साहेबांपुढे पुडी आपटली. त्यांनी तोंडातून पाइप काढला. "गुड लॉर्ड. नेव्हर थॉट ऑफ इट." मग म्हणाले, केसच आहेत ना, खाल्लेस थोडेच.

मी बाहेर आलो. नाहीतर हात उठला असता.

२३ एप्रिल

काल बकरी ईद. बोकडाच्या मानेखालची मऊ लोकर मागून आणली, चहाच्या पाण्यात रंगवली. जुने सातही उसवले आणि बाराच्या बारा नव्याने बांधायला घेतले. राग आला की माझा हात सरळ चालतो. सहा पाय, दोन शेपट्या. घ्या मोजून.

७ मे

साहेब आज गेले. बोकडाच्या लोकरीचे म्हणून सांगितलं, तर बाराही निम्फ तळहातावर घेऊन उलटसुलट करून बघितले. एकही कापला नाही. मी म्हटलं, सर, माझा कागद? म्हणाले, "ऑल इन गुड टाइम." आणि सगळ्या ऑफिससमोर माझ्या हातात काय ठेवलं? तीच डबी! घरी जाऊन उघड म्हणे. पुढच्या वर्षीचे किडे आत्तापासूनच!

मी थँक यू म्हटलं. जीभच तशी वळलीय.

घरी जाताना अब्रा, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, खाडीच्या मध्यावर आली तेव्हा डबी पाण्यात भिरकावली. उघडणं सोडाच, रुमालात धरून आणली होती. नावाडी बघत राहिला. महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

११ मे

साहेबांच्या जागी आलेला बदली मॅनेजर म्हणतो, क्लार्कांना फॅमिली आणता येणार नाही. "ओल्ड मॅननी लिहून दिलं असेल तर शो मी, मग मी अडवणार नाही." काय दाखवू? लॉरीमर खोटारडा निघाला. शहनाझला तसंच लिहिलं — गोऱ्यानं फसवलं.

२ जून

साहेबांचं पत्र आलं. नोकरी सोडली, आता परत येणार नाहीत. बोकडाच्या लोकरीच्या निम्फवर तीन पौंडाचा ट्राउट लागला म्हणे. खाली चार ओळी — त्या दिवशी बोललो त्याची लाज वाटते. डबीतली लोकर जाळली, डबी स्वतः उकळत्या पाण्यात तीनदा धुतली, मगच तुझा कागद आत ठेवला. सही आहे, सरकारी शिक्काही मारून घेतला होता.

शहनाझ पोचली का, विचारलंय.