चाकाखालचा दगड

६ जाने., सोम.

घरगाडी तलकाडपर्यंत चालवून आणली. टी. नरसीपूर सोडलं आणि गिअर बदलला की खालून धाड. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा, प्रोपेलर शाफ्टचा, मागचा सांधा, म्हणजे क्रॉस, सुकलाय. पावसाळ्यापासून ग्रीस दिलं नाही, आळस. ह्यांनी शाळेची जुनी बस घेऊन आत पलंग, चूल बसवली आणि दोन सहलींनंतर गेले. तेव्हापासून गाडी माझी.

घरी आले तर गिरिजा पायरीवर. माझ्या धाकट्या भावाची, रघूची बायको. उजवं मनगट वांग्यासारखं.

"पडले, अक्का."

पडून गळ्यावर बोटं उमटत नाहीत. तिला बसमध्ये झोपवली. घराची किल्ली रघूकडेही आहे, बसची नाही.

८ जाने., बुध.

मनगट मोडलंय. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं.

ठरलं. तिला तिच्या बहिणीकडे कोल्हापूरला पोचवायचं, संक्रांतीला निघायचं. स्टँड, स्टेशन नको. रघू ड्रायव्हर, दोन्हीकडे त्याची माणसं. गॅरेजवालेही त्याचेच. म्हणजे बस मीच नीट करायची. घाटात शाफ्ट तुटून रस्त्यावर पडला तर तो आम्हाला गाठणार, आणि मग या वेळी मनगटावर भागणार नाही.

९ जाने., गुरु.

अंगणाला फाटकाकडे उतार. आधी पुढच्या चाकाला दगड. मग मागचं एक चाक जॅकवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. तेव्हाच शाफ्ट हाताने फिरतो आणि ग्रीस भरायचं तोंड, निपल, खाली येतं. म्हणजे तेवढा वेळ सगळी बस त्या एका दगडावर. हे मला रघूनेच शिकवलं, आमची गाडी चालवायचा तेव्हा. "दगड आधी अक्का, देवाचं नाव नंतर." मी वर स्टेपनीही चेसिसखाली सरकवते. तो हसायचा.

क्रॉसला चार टोकं. ग्रीस गन दाबली तर तिन्हींतून काळं ग्रीस, मग नवं आलं. चौथं कोरडं. ते तसंच राहिलं तर तेच जळणार.

संध्याकाळी रघू फाटकाशी, हातात सळई. पुढचा दिवा फोडला.

"बाहेर काढ तिला. नाहीतर दोघींना डब्यात भाजतो."

म्हटलं, पेटवायला काडीपेटी लागते, तीही तू बायकोकडेच मागशील. दुसरा दिवा गेला. समोरच्यांनी पडदे ओढून घेतले. आमच्या चामराजपुरम पेठेत सगळे सुशिक्षित.

११ जाने., शनि.

जिवंत आहे. क्रमाने लिहिते.

सकाळी बसखाली होते, चौथ्या टोकाशी. गिरिजा मागे कपडे वाळत घालत होती. फाटक वाजलं. खालून फक्त पाय दिसतात. रघूचे बूट. बूट चालत आले, पुढच्या चाकाशी थांबले. सळईचं टोक दगडाखाली गेलं.

"रघू, मी खाली आहे."

"माहीत आहे."

त्याने दगड उचकटला. बस पुढे सरकली, जॅक आडवा होऊन मांडीवर बसला, वर सगळं कोसळलं आणि स्टेपनीवर अडकलं. नाकापासून वीतभर अंतरावर शाफ्ट. स्टेपनी नसती तर ही ओळ नसती.

सरपटत बाहेर आले, ग्रीस गन हातातच. लोखंडी, दांड्याची. त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, "अक्का, अक्का" म्हणू लागला, लहानपणी म्हणायचा तसा. मी आणखी एकदा घातली. तेव्हा गरज नव्हती. घातली.

गिरिजा धावत आली ती त्याच्याकडे. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, एका हाताने.

१२ जाने., रवि.

बरगडी दुखते, मांडी काळीनिळी. रघू हॉस्पिटलात. पोलीस आला. कानडीत म्हणाला, होगली बिडी मेडम, सोडून द्या, घरातला मामला, तुम्ही शिकलेल्या. मी म्हटलं, त्याने माझ्यावर बस पाडली आणि मी त्याचं हाड मोडलं, दोन्ही लिहा. एकही लिहिलं नाही. रघूने सांगितलंय, दगड आपोआप सरकला. आणि तो स्वतः? पडला म्हणे. या घरात सगळे पडतात.

दुपारी गिरिजा दिसेना. तासाभराने आली, हातात रिकामा डबा. सार-भात घेऊन गेली होती. त्याला.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. तिने डबा घासून पालथा घातला आणि म्हणाली, "उपाशी होते ते, अक्का. डावा हात उचलत नाही."

"उजवा उचलतो ना?"



१३ जाने., सोम.

बरगडी बांधून पुन्हा खाली. चौथं टोक गन दाबून ऐकेना. हातोडी घेतली. घाव, घाव, घाव. प्रत्येक घावाला तोंडात शिवी, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला न शोभणारी. मग गन. आधी गंज आला, मग काळं, मग पिवळं स्वच्छ ग्रीस. फेरी मारून आले. धाड नाही. दिवेही बसवले.

रघूला उद्या दुपारी घरी सोडणार. गिरिजाला फोन आला होता. तिने उचलला. "हो" इतकंच ऐकू आलं.

१४ जाने., मंगळ.

सकाळ. समोरच्यांनी भिंतीवरून एळ्ळु-बेल्ला दिलं, तीळगुळाचा इथला भाऊ. गोड बोला म्हणाले. घेतलं.

पिशवी तिने भरली, आत ठेवली, पुन्हा बाहेर काढली. मी तिला ओढून आत घालू शकते. अंगात तेवढा जोर आहे. पण हात धरून ओढणं तिने एका घरात सोसलं आहे.

सांगितलं, "मी इंजिन सुरू करून बसते. चाकाखालचा दगड तू काढ. नाहीतर राहू दे."

आता सीटवर बसूनच लिहिते आहे. इंजिन चालू आहे, पाय ब्रेकवर. ती दाराशी होती, मग चालत पुढे आली आणि खाली वाकली. इथून पुढचं चाक दिसत नाही. एका हाताने तो दगड जड आहे.

अजून वर आली नाही.